लपवलेल्यांची यादी



क्षमावाणीला तुमच्यापैकी कितीतरी जणींचे फोन आले, मेसेज आले. मीही सगळ्यांची क्षमा मागितली. पण यंदा एक क्षमा मला त्याच्या आधीच, ऐन दशलक्षणात, घरातल्या घरात मागावी लागली. कारण ऐकून हसाल. संगणकाचा मेनू.

हसून झालं की पुढे वाचा. तुमच्यापैकी काही जणींच्या घरी हे लवकरच उपयोगी पडेल.

आमचा संगणक जुना, विंडोज ७ च्या वेळचा. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ ला कंपनीकडून सुधारणा येणं बंद झालं आणि पुढचं विंडोज त्या मशीनला झेपेना. मुलगा म्हणाला, नवीन घेऊ. आमचे हे म्हणाले, चालू वस्तू टाकून नवी आणायची नाही. मग मुलाने त्यातच लिनक्स मिंट घालून दिलं, एक्सएफसीई नावाचा त्यातला हलका प्रकार. फुकट मिळतं, आणि जुनं मशीन पुन्हा पळायला लागलं. यांना एकदम पसंत. साखर कारखान्यात अकाउंट्सला आयुष्य गेलं, त्यामुळे फुकट आणि टिकाऊ हे दोन शब्द त्यांना फार प्रिय. निवृत्तीनंतर चौदा वर्षं बस्तीचा हिशोब त्यांनी ठेवला, त्यातला बराचसा याच संगणकावर. आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताच्या आत होतात, त्यामुळे नंतरची संध्याकाळ लांब असते. ती त्यांची संगणकाची वेळ.

दोनेक वर्षांपासून त्यांना विसरायला होऊ लागलं. म्हणजे मोठं काही नाही. भाजीवाल्याचे पैसे दोनदा देणं, चष्मा डोक्यावर ठेवून शोधणं, माणसाचं नाव तोंडाशी येऊन न सापडणं. डॉक्टरांनी तपासलं, गोळी दिली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, जे काम ते करत आलेत ते सोडू देऊ नका. हिशोब लिहितात ना, लिहू दे.

गेल्या वर्षी बस्तीचा हिशोब दुसऱ्या तरुण माणसाकडे सोपवायचा ठरला. त्याला पेन ड्राइव्हवर घालून द्यायचं म्हणून हे बसले. मेनू उघडला, त्यात यूएसबी शब्द दिसला, तो दाबला. ते होतं यूएसबी स्टिक फॉरमॅटर, म्हणजे पेन ड्राइव्ह पुसून कोरा करणारं. त्याने पासवर्ड विचारला, यांनी इमानदारीत दिला. पेन ड्राइव्ह कोरा. त्यावर नातीच्या बारशाचे फोटो होते. फोटो मुलाकडेही होते आणि हिशोब संगणकातच होता, त्यामुळे तसं गेलं काहीच नाही. पण हे आठ दिवस संगणकाकडे फिरकले नाहीत. खुर्चीवर टॉवेल वाळत घालायला लागले, तेव्हा मला भीती वाटली.

मग मी मनावर घेतलं. बी.कॉम. १९८० च्या दशकातलं, संगणकाशी त्याचा संबंध शून्य. पण हिशोबाच्या वह्या मला कळतात, आणि हा मेनू म्हणजे खतावणीच्या पहिल्या पानावरची अनुक्रमणिका आहे हे ध्यानात आल्यावर पुढचं सोपं गेलं.

कसं ते सांगते. मेनूत दिसणाऱ्या प्रत्येक नावामागे एक छोटी चिठ्ठी असते. तिला डेस्कटॉप फाइल म्हणतात. चिठ्ठीत साधा मजकूर असतो : नाव काय दाखवायचं, चित्र कोणतं, दाबल्यावर काय चालवायचं, कुठल्या गटात बसवायचं. मूळ चिठ्ठ्या सगळ्यांच्या सामाईक कपाटात असतात, तिथे हात लावायला पासवर्ड लागतो. पण प्रत्येक वापरणाऱ्याचा स्वतःचा एक लहान कप्पाही असतो. त्यात त्याच नावाची चिठ्ठी ठेवली की संगणक आधी ती मानतो. मूळ चिठ्ठी जागच्या जागी राहते. आपली काढली की मूळची पुन्हा लागू. यांचं खातं वेगळं आणि माझं वेगळं, म्हणून त्यांच्या मेनूत काहीही केलं तरी माझा मेनू जसाच्या तसा.

हे सगळं हाताने लिहायची गरज नाही. मेनूलिब्र नावाचा एक कार्यक्रम आहे, नसला तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेता येतो. त्यात डावीकडे सगळ्या नावांची यादी, उजवीकडे त्या नावाची चिठ्ठी. नाव बदला, चित्र बदला, मेनूतून लपवायचं असेल तर त्याचं बटण आहे, आणि मग वरचं सेव्हचं चिन्ह दाबा. मी सेव्ह दाबायला विसरून पहिली संध्याकाळ वाया घालवली.

पहिलं काम नावांचं. लिब्रऑफिस कॅल्क हे नाव यांच्या डोक्यात राहीना, कारण शेजारीच कॅल्क्युलेटर होता. शोधायच्या जागी 'कॅल्क' टाइप केलं की दोन्ही समोर येत आणि हे नेमकं चुकीचं उघडत. शिवाय कॅल्क उघडून परत फाइल शोधायची, ती दुसरी पायरी. मी एक नवी चिठ्ठी तयार केली. नाव 'रोजकीर्द', आणि आज्ञेत कॅल्कच्या पुढे आमच्या घरखर्चाच्या फाइलचा पूर्ण पत्ता. म्हणजे दाबलं की थेट आपली वहीच उघडेल. पहिल्यांदा उघडेना. असली फाइल नाही म्हणे. फाइलच्या नावात दोन शब्द होते, मध्ये मोकळी जागा, आणि संगणक त्या दोन शब्दांना दोन वेगळ्या फाइली समजत होता. पत्त्याच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिल्यावर सुरळीत झालं. नावातली जागा काढून टाकली असती तरी चाललं असतं.

दुसरी चूक नावातच झाली. मुलाने फोनवर सांगितलं होतं की चिठ्ठीत प्रत्येक भाषेचं वेगळं नाव देता येतं, मराठीसाठी एम आर अशी खूण. मी हौसेने मराठीच्या ओळीत 'रोजकीर्द' लिहिलं आणि साध्या नावाची ओळ कॅल्कच ठेवली. मेनूत काही बदलेना. आमच्या संगणकाची भाषा इंग्रजी ठेवलेली, तो मराठीची ओळ बघेल कशाला? साध्या नावाच्या ओळीतच देवनागरीत लिहिलं, तेव्हा दिसलं. चित्राला मी लाल कापडी बांधणीच्या वहीचा फोटो लावला, मोबाइलवर काढून, चौकोनी कापून.

'रोजकीर्द', 'पत्रं', 'नातीचे फोटो', 'प्रवचनं'. ही चार नावं मेनूच्या आवडत्यांत घातली, म्हणजे बटण दाबल्याबरोबर तीच समोर. इथे मी थांबले असते तर आज हे लिहीत नसते.

पण मला वाटलं, उरलेली गर्दी कशाला? आपण आहारदानाला चौका लावतो तेव्हा काय करतो? लागणारी शुद्ध भांडी तेवढी बाहेर, बाकी सगळी फडताळात बंद. भांडी कुणी टाकून देत नाही, पण हाताला चुकीचं काही लागू नये. तसंच करू. एका रात्री हे झोपल्यावर त्यांच्या खात्यात बसले आणि लपवत सुटले. मी मोजली होती, मेनूत ५३ नावं. त्यातली ४४ लपवली. फॉरमॅटर तर पहिलाच. कॅल्क्युलेटर लपवला, कारण तोच घोळ घालायचा. स्कॅनर लपवला, कारण आमचं स्कॅनरचं मशीन बंद पडलंय. सुडोकू लपवला, कारण अलीकडे त्यात अडकले की हे चिडायचे आणि जेवताना गप्प बसायचे.

लपवण्याचेही दोन प्रकार आहेत. चिठ्ठीत नोडिस्प्ले लिहिलं तर अर्थ असा की कार्यक्रम आहे, फक्त मेनूत दाखवू नका. त्यामुळे पीडीएफ वाचणारा मी मेनूतून लपवला तरी पीडीएफवर दोनदा टिचकी मारली की तो निमूट उघडतो. दुसरा शब्द हिडन. त्याचा अर्थ मात्र, वापरणाऱ्याने हे काढूनच टाकलंय असं धरा. नियम लिहिणाऱ्यांनीच तिथे नोंदवून ठेवलंय की या शब्दाऐवजी काढलेलं अशा अर्थाचा शब्द ठेवायला हवा होता. मी पहिला प्रकार वापरला. काहीच काढलं नाही, काहीच पुसलं नाही, नुसतं दाखवलं नाही, असं मनाशी म्हटलं आणि शांत झोपले.

हिशोब शिकलेल्या बाईने हे म्हणावं! खातं आहे पण ताळेबंदात दाखवलं नाही, याला काय म्हणतात ते आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

सुरुवातीला सगळं छान. हे पुन्हा बसू लागले. टॉवेल खुर्चीवरून दोरीवर गेला. रोजकीर्द रोज लिहिली जाऊ लागली, दूध, पेपर, गोळ्या, बस्तीत भंडारात टाकलेले पैसे. फक्त मला वाटत होतं की हे थोडे गप्प झालेत. वय, म्हटलं.

दशलक्षणाच्या आदल्या दिवशी मी टेबल पुसत होते. कीबोर्डखाली जुन्या कॅलेंडरचं पान घडी करून ठेवलेलं. मागच्या कोऱ्या बाजूला यांचं अक्षर. अजूनही कारकुनी, सरळ रेषेत. वर तारीख, खाली अनुक्रमांक घालून :

१. कॅल्क्युलेटर — ?
२. सुडोकू — ?
३. स्कॅन करायचं काहीतरी — होतं का ?
४. घड्याळासारखं चित्र असलेलं — नाव आठवत नाही.

आणि सगळ्यात खाली, अधोरेखित : पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगणे. नसलेल्या गोष्टी आठवतात.

मी तिथेच खुर्चीवर बसले. फडकं हातातच.

लपवलेलं नाव शोधायच्या जागी टाइप केलं तरी सापडत नाही. हे मला माहीत होतं, आणि तेच हवं होतं. त्याचा अर्थ यांच्या बाजूने काय होईल याचा विचार मी केलाच नव्हता. ज्या माणसाला आपलं डोकं आपल्याला फसवतंय अशी आधीच धास्ती, त्याने कॅल्क्युलेटर टाइप करायचं आणि समोर काहीच यायचं नाही. एकदा नाही, किती दिवस कोण जाणे. मला विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याची मला आजही खात्री नाही.

पान होतं तसं घडी करून ठेवलं. लगेच बोलायला हवं होतं. बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून पर्व, पूजा, एकासन, नातेवाईक, कारणं भरपूर होती. जाऊबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं त्यांच्या भल्यासाठीच केलंस ना, आम्ही नाही का भाऊजींच्या शुगरपायी लाडवाचा डबा पिठाच्या मागे ठेवत. बरं वाटलं ऐकून. तासभर.

तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव. मनात एक, बोलण्यात एक, करण्यात तिसरंच, हे ज्याच्यात नाही ते आर्जव. दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी मला शेजारपाजारच्या दोन-तीन बायका आठवतात. यंदा कुणी आठवलं नाही. हे पुरुषांच्या बाजूला खांबाला टेकून बसले होते, लक्ष देऊन ऐकत होते. सहाव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय. कोणत्या भावाने कोणत्या गतीचं कर्म बांधलं जातं ते त्यात आहे, आणि मायाचाराने तिर्यंच गती. भल्यासाठी केलेल्या मायाचाराला वेगळा कप्पा काही सूत्रकारांनी ठेवलेला नाही. त्या दिवशी सुगंध दशमी होती. धूप खेवून घरी आले, हाताला वास तसाच होता, आणि यांना म्हटलं, अहो, जरा बसा, मला एक सांगायचंय.

सगळं सांगितलं. किती नावं होती, किती लपवली, कधी लपवली. कॅल्क्युलेटर आहे, सुडोकू आहे, स्कॅनचंही आहे. तुम्हाला आठवतं ते बरोबर आहे.

ते काही बोलले नाहीत. बराच वेळ. मग म्हणाले, "म्हणजे होतं ते."

"होतं. आहे."

"मी दोन महिने..." एवढं म्हणून थांबले. उठून पाणी प्यायले. मला वाटलं आता ओरडतील, आणि खरं सांगते, ओरडले असते तर बरं झालं असतं. आत जाऊन देवासमोर बसले. त्या दिवशी माझं एकासन कसं झालं ते मला माहीत नाही.

संध्याकाळी स्वतःच आले. म्हणाले, "लपवलेल्यांची यादी दे." कारखान्यात हाताखालच्या माणसाकडे व्हाउचर मागावं तसं. मी म्हटलं, यादी केली नाही. तर म्हणाले, "चव्वेचाळीस नोंदी केल्यास आणि यादी नाही? कसली बी.कॉम. तू?"

मग आम्ही दोघं बसलो. मेनूलिब्रमध्ये लपवलेली नावंही दिसतात, त्यामुळे एकेक वाचता आलं. मी सांगायचं हे काय करतं, त्यांनी ठरवायचं. दोन संध्याकाळी लागल्या. फॉरमॅटर त्यांनी स्वतः लपवलेलाच ठेवला, एका शब्दाची चर्चा न करता. डिस्क आणि विभागणी असलं काही दिसलं की, "नको, लपव." घड्याळासारखं चित्र म्हणजे टाइमशिफ्ट निघालं, संगणक बिघडला तर आधीच्या स्थितीला नेणारं. चित्र त्यांना बरोबर आठवलं होतं. ते कळल्यावर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. स्कॅनर दाखव, मशीन दुरुस्त होईल. कॅल्क्युलेटर दाखव, मात्र त्याचं नाव 'आकडेमोड' कर म्हणजे कॅल्कशी घोळ नको. हे मला का सुचलं नव्हतं? नाव बदलून भागत होतं तिथे मी सरळ दार लावलं होतं.

सुडोकूवर आमचं थोडं वाजलं. मी म्हटलं, तुम्हाला त्रास होतो. ते म्हणाले, "होतो. माझा मला होतो ना?" सुडोकू दिसतोय. परवा दीड तास बसले आणि अर्धवट सोडून उठले. जेवताना गप्प होते. मी आमटी वाढली आणि मीही गप्प बसले.

आता त्यांच्या मेनूत १७ नावं दिसतात. लपवलेल्या ३७ ची यादी यांनीच सुवाच्य अक्षरात लिहून काढली, वर शीर्षक, खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. बेरीज ५३ ऐवजी ५४ का येते म्हणून माझी उलटतपासणी झाली, तर मी घातलेली रोजकीर्द हे वाढीव नाव निघालं. बाकीच्या तीन मी जुन्याच चिठ्ठ्यांची नावं बदलून केल्या होत्या. ताळा जमला तेव्हा कुठे समाधान झालं. यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. त्यात नवं नाव घालायचं किंवा काढायचं तर दोघांनी मिळून, असं ठरलंय. आणि मूळ लपवलेल्या चिठ्ठ्या कुठल्या कप्प्यात आहेत तेही खाली लिहिलंय, म्हणजे मी नसले तरी मुलगा किंवा सून काढू शकेल.

तुम्ही कुणी असं करणार असाल तर आधी नावं बदलून बघा, चित्रं मोठी करा, आवडत्यांत मोजकी घाला. बऱ्याच वेळा तेवढ्याने काम होतं. लपवायचं असेल तर ज्याचा मेनू आहे त्याला शेजारी बसवून लपवा. रात्री नको.

डॉक्टरांकडे जायची तारीख आली तेव्हा त्यांनी कॅलेंडरचं ते पान खिशात घातलं होतं. आत जायच्या आधी काढून पाहिलं, शेवटच्या ओळीवर रेघ मारली आणि शेजारी सही केली. खाडाखोड केली की सही करायची, ही जुनी सवय.

गेल्या रविवारी मला हाक मारली. म्हणाले, "ते पत्रं आहे ना, ई-मेलचं, ते लपवलेल्यांत टाक." मी विचारलं, नक्की? म्हणाले, "हो. आपण दोघांनी म्हटलंय ना. मी म्हणतोय, तू टाक." मी टाकलं. यादीत अडतिसावी ओळ त्यांनी लिहिली, दोघांनी सह्या केल्या.